तुक्का नव्हे, दहा सामने

एखादा खेळाडू एकदा जिंकला आणि पुढच्या वर्षी हरला, की आपण लगेच म्हणतो, "अरे, तो तुक्का होता." टेनिसपटू एम्मा रडुकानूबद्दल आमच्या मेसमध्येही हेच ऐकू येते. मला हे मत पटत नाही. २०२१ च्या अमेरिकन ओपनमधील महिला एकेरीचे निकाल पहिल्या फेरीपासून वाचले, तर ते टिकत नाही.

ब्रिटनची रडुकानू तेव्हा १८ वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत १५० वी. या क्रमांकावर मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला नाही. आधी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागले. तिने परतीचे तिकीटसुद्धा पात्रता फेरी संपण्याच्या सुमाराचे काढले होते! ती ते तीन सामने जिंकली आणि मग मुख्य स्पर्धेतले सात. दहा सामने, वीस सेट, आणि एकही सेट गमावला नाही. ओपन युगात पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पहिलीच खेळाडू, पुरुष आणि महिला दोन्ही धरून.

नशिबाची साथ होती, हे मान्य. अग्रमानांकित अ‍ॅश बार्टीला शेल्बी रॉजर्सने तिसऱ्या फेरीतच हरवले. ओसाका, कर्बर, स्विटोलिना आणि सबालेंका या चौघींना कॅनडाच्या लेला फर्नांडिसने बाहेर काढले, तेही प्रत्येक वेळी तीन सेट झुंजून. त्यामुळे यांपैकी कोणीच रडुकानूच्या वाट्याला आली नाही. पण बार्टीला हरवणाऱ्या रॉजर्सला रडुकानूने ६-२, ६-१ असे हरवले. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकलेल्या बेलिंडा बेन्चिचला ६-३, ६-४ असे. ड्रॉ सोपा मिळू शकतो, पण पॉइंट स्वतःलाच काढावे लागतात.

अंतिम सामना ११ सप्टेंबरला झाला. ६-४, ५-३ अशी आघाडी असताना आणि सर्व्हिस स्वतःची असताना रडुकानू घसरली, पाय खरचटून रक्त आले. उपचारासाठी खेळ थांबला, तेव्हा फर्नांडिसच्या हाती ब्रेक पॉइंट होता. ऐन वेळी लय तुटल्यावर तिने पंचांकडे तक्रार केली, ती समजण्यासारखी आहे. रडुकानू परतली, ब्रेक पॉइंट वाचवला आणि शेवटचा पॉइंट बिनतोड सर्व्हिसवर घेतला. त्याच आठवड्यात १९ वर्षांची झालेल्या फर्नांडिसने हरल्यावरही माइक मागून घेतला. न्यूयॉर्कवरील हल्ल्याला त्या दिवशी वीस वर्षे झाली होती; या शहरासारखेच आपणही खंबीर व्हावे, असे ती म्हणाली.

पुढच्या वर्षी याच स्पर्धेत रडुकानू पहिल्या फेरीत हरली. २०२३ मध्ये तिच्या दोन्ही मनगटांवर आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. पण त्याने आधीचे दहा सामने पुसले जात नाहीत. नंतरचा पराभव हा वेगळा निकाल आहे.

हा प्रश्न फक्त टेनिसचा नाही. क्रॉस कंट्रीत एका वर्षी पहिला आलेला ज्युनिअर पुढच्या वर्षी बारावा आला, की आपण त्यालाही तुक्का म्हणतो. हे ऐकणारे बाकीचे ज्युनिअर काय शिकतात? जिंकलो तर दरवर्षी जिंकावे लागेल, त्यापेक्षा नावच देऊ नये. शाळेला याचा तोटा जास्त आहे. पालकांनीही एका चाचणीत गुण कमी पडले, म्हणून मागच्या सत्राचे यश खोटे ठरवू नये.

माझी एक सूचना आहे. हाउस स्पर्धांनंतर नोटिस बोर्डावर फक्त विजेत्याचे नाव न लावता पूर्ण ड्रॉ गुणांसह लावावा. कोणी कोणाला हरवले आणि उपविजेता कोणकोणाशी झुंजून तिथवर आला, हे सर्वांना दिसेल. मग कोणाला तुक्का म्हणायचे असेल, तर आधी तो कागद वाचावा.