आधी खुणा वाचा, मग किंमत बोला

वारसाने आलेल्या लष्करी रायफलीला कुणी पॉलिश पेपर लावायला बसला, की आधी त्याच्या हातातला कागद हिसकावून घ्यावा आणि मग बोलावं. इथे पेनसिल्व्हेनियात हा प्रकार मी वर्षानुवर्षं बघतोय. महायुद्ध लढलेले आजोबा जातात, कपाटाच्या मागून रायफल निघते, आणि घरातला कुणी हौशी तारेचा ब्रश आणि व्हार्निशचा डबा घेऊन तिला नवी करायला बसतो. गंज समजून तो जे खरवडतो त्यात कारखान्याचा शिक्का असतो, तपासनिसाची खूण असते. दस्त्याच्या लाकडात उमटवलेले शिक्के एकदा घासले गेले की कुणाच्या बापालाही परत आणता येत नाहीत. रायफलीची किंमत त्या खुणांतच असते. चकचकीत लाकूड काय, कुठल्याही फर्निचरवाल्याकडे मिळतं.

पण घरचा अडाणी परवडला. त्याने निदान प्रेमापोटी वाटोळं केलेलं असतं. माझा खरा राग आहे तो नळीतून एकदा आरपार बघून आकडा फेकणाऱ्यांवर. जर्मन माउझर समोर ठेवा. रिसीव्हरवर ‘बी-वाय-एफ’ आणि ४४ असेल, तर ती ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात १९४४ साली बनली. इथवर कुणीही पोचतं. पुढे बोल्टचा नंबर रिसीव्हरच्या नंबराशी जुळतो का, नळीच्या पट्ट्यांवर आणि बारीकसारीक भागांवर तेच आकडे आहेत का, हे बघायला भिंग आणि अर्धा तास लागतो. बोल्टवर विजेच्या पेन्सिलीने ओरखडलेला नंबर आणि रिसीव्हरच्या बाजूला फुलीसारखी खूण दिसली, तर ती रशियनांनी हस्तगत करून, सुटी करून, मिळतील ते भाग जोडून पुन्हा उभी केलेली रायफल. साल तेच, कारखाना तोच, बाजारभावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर. जपानी आरिसाकाचंही तसंच. १९४५च्या शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरचं सोळा पाकळ्यांचं शाही शेवंतीचं फूल घासून टाकलं गेलं. फूल शाबूत असेल तर बहुधा ती सैनिकाने थेट रणांगणावरून आणलेली. त्याला अधिकाऱ्याने दिलेला परवानगीचा कागद सोबत असेल तर तो रायफलीइतकाच जपायला हवा. आणि घर रिकामं करणारे पहिल्याच दिवशी ट्रंकेतले कागद रद्दीत टाकतात!

मराठी माणूस म्हणून मला सर्वांत जास्त झोंबतं ते इशापूरच्या रायफलींबद्दलचं बोलणं. एका विधवा बाईंच्या सोबत मी एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने रायफल उचललीही नाही. भारतात बनलेली, जुन्या पॉइंट थ्री-ओ-थ्री ली-एनफिल्डची नळी बदलून ओढूनताणून चालवलेली, कमकुवत. असं म्हणून त्याने भंगाराचा भाव सांगितला. धादांत खोटं. ती २ए होती. चीनच्या युद्धाच्या सुमाराला बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी जास्त मजबूत पोलादातून नव्याने बनवलेली रायफल. तिचं मॅगझीन बघितलं असतं तरी कळलं असतं: जुन्या ली-एनफिल्डचं तिरपं, दहा गोळ्यांचं; हिचं चौकोनी, बारा गोळ्यांचं. मागच्या साइटवर २००० पर्यंतचे आकडे असतील तर २ए, ८०० पर्यंतचेच असतील तर नंतरची २ए१. हे ज्याला ठाऊक नाही त्याने किंमत करू नये, आणि हे ठाऊक असूनही जो नवरा गमावलेल्या बाईच्या रायफलीला भंगार म्हणतो, तो चोर आहे. याच रायफलींच्या नळ्या कापून त्या जंगल कार्बाइन म्हणून विकणारेही इथे होऊन गेले. खरी जंगल कार्बाइन इंग्लंडमध्ये बनली. इशापूरने अशी कधी काढलीच नाही.

पैशांची फसवणूक एक वेळ भरून निघेल. जीव नाही. अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ या रायफलीत स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,०००च्या खालचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७च्या खालचे नंबर असतील, तर ती उडवायची नाही. त्या काळी पोलाद किती तापलं हे कारागीर नजरेने ठरवत. उजेड बदलला की अंदाज चुके, पोलाद जळे आणि ठिसूळ होई. काही रिसीव्हर फुटल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात हे उघड झालं. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट न सांगता, आजोबांनी उडवली तशी तुम्हीही उडवा, असं वारसाला सांगणारे विक्रेते मी माझ्या कानांनी ऐकलेत. त्यांना विक्रीचा परवाना कसा मिळतो, हे सरकारने सांगावं.

म्हणून वारसांना माझं स्पष्ट सांगणं आहे. रायफल रिकामी आहे याची जाणकाराकडून खात्री करून घ्या, हलक्या तेलाने पुसा, बाकी काही करू नका. प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढा. राज्याचा कायदा विचारा, कारण वारसाने आलेल्या शस्त्राचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. दुकानदाराने आकडा सांगितला की त्याच्याकडून चार ओळी लिहून मागा: कारखाना कुठला, साल कोणतं, नंबर जुळतात का, लाकूड मूळचं आहे का. तो कां-कूं करायला लागला, तर रायफल उचला आणि दुसरं दुकान गाठा.