हेडफोन लावून ‘कान तयार’ होतो का?

रियाजाने गळा तयार होतो, तसाच सतत ऐकण्याने कानही तयार होतो, हा आपल्या संगीतपरंपरेतील जुना अनुभव आहे. याच समजुतीच्या आधारावर गेल्या तीन दशकांत जगभर एक नवा व्यवसाय उभा राहिला. मुलाला हेडफोन लावून रोज ठरावीक वेळ संगणकासमोर बसवावे, त्याला विशिष्ट ध्वनी ऐकवावेत, म्हणजे ध्वनींमधील सूक्ष्म भेद त्याला कळू लागतील आणि पर्यायाने त्याचे वाचन व भाषाही सुधारेल, असे पालकांना सांगितले जाते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठीही असे कार्यक्रम उपलब्ध आहेत. प्रश्न असा, की या दाव्यांत तथ्य किती?

काही तथ्य निश्चितच आहे. कॅनडातील संशोधक जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ मधील अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. मराठीप्रमाणेच हिंदीतही दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ हे वेगळे वर्ण आहेत. इंग्रजीत हा भेद अर्थासाठी लागत नाही. इंग्रजीभाषक घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो सहज जाणवत होता. मात्र वर्षाच्या सुमारास त्यांची ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली. याचा अर्थ बाळाचा कान अधू झाला, असा नव्हे. जे भेद मातृभाषेत उपयोगाचे नाहीत, त्यांच्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो.

हे दुर्लक्ष प्रौढपणीही काही प्रमाणात दूर करता येते. जपानी भाषकांना इंग्रजीतील ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखणे अवघड जाते. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा जपानी प्रौढांना तीन आठवडे सराव देण्यात आला. त्यांची अचूक उत्तरे ७८ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेली. एकाच आवाजाऐवजी अनेक वक्त्यांचे आवाज, निरनिराळे शब्द आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे लगेच सांगणे, ही या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. अशा सरावाचा परिणाम काही महिने टिकतो आणि उच्चारही थोडे सुधारतात, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. नवी भाषा शिकणाऱ्यासाठी ही बाब नक्कीच आश्वासक आहे.

अडचण येते ती यापुढच्या दाव्यांत. पॉला टल्लाल आणि मायकेल मर्झेनिक यांचे संशोधन १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यातून ‘फास्ट फॉरवर्ड’ हा संगणकीय कार्यक्रम बाजारात आला. बोलण्यातील झपाट्याने बदलणारे ध्वनी संथ व ठळक करून ऐकवावेत, ही त्यामागील कल्पना. भाषिक अडचणी असलेल्या २१६ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर झाले. त्यात एका गटाला हा कार्यक्रम, दुसऱ्याला वेगळा संगणकीय भाषाकार्यक्रम, तिसऱ्याला तज्ज्ञांकडून प्रत्यक्ष भाषोपचार आणि चौथ्याला केवळ सर्वसाधारण शैक्षणिक खेळ देण्यात आले. सुधारणा चारही गटांत झाली आणि ती जवळपास सारखीच होती! उपलब्ध प्रयोगांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हाही वाचनावर वा बोलीभाषेवर या कार्यक्रमाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही.

ज्येष्ठांबाबतचे चित्रही फारसे वेगळे नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्या २७९ अमेरिकी माजी सैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. घरच्या घरी करावयाच्या श्रवण-सरावामुळे, केवळ श्रवणयंत्र वापरण्याच्या तुलनेत, जादा लाभ झाल्याचे त्यात दिसले नाही. अंतर्कर्णातील नष्ट झालेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. सरावाने त्या परत येण्याचा प्रश्नच नाही.

तात्पर्य, जे शिकवावे ते सरावाने येते. न शिकवलेले त्याच्या मागोमाग आपोआप येत नाही. कार्यक्रमातील गुण वाढले, म्हणजे वर्गातील वाचन सुधारले, असे मानता येत नाही. शिवाय मूल काही महिन्यांत मोठे होते, त्याच्याकडे अधिक लक्ष दिले जाते, चाचणीचीही त्याला सवय होते. ही प्रगती कार्यक्रमाच्या खात्यावर जमा करण्याचा मोह पालकांना आणि विक्रेत्यांना, दोघांनाही होतो. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न आवर्जून विचारावा : हा कार्यक्रम न घेतलेल्या तशाच मुलांशी तुलना केली आहे काय?

त्याहीआधी श्रवणतज्ज्ञाकडून कानांची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारखी सरकारी संस्था याच कामासाठी आहे. ऐकूच कमी येत असलेल्या मुलाला ध्वनिभेदांचे धडे देण्यात महिने गेले, तर भाषा शिकण्याचे मोलाचे वय हातचे निघून जाते. शिवाय हेडफोनच्या आवाजालाही मर्यादा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळेकरिता ७५ डेसिबल ही सुरक्षित पातळी मानली जाते. कान तयार करण्याच्या नादात आहेत ते कान गमावणे कोणालाच परवडणारे नाही.