घरात ठेवलेलं मूल अंगणवाडीत आणा

कोल्हार बुद्रुक, भगवतीपूर आणि पुलापलीकडच्या कोल्हार खुर्दच्या ग्रामस्थांनो,

प्रत्येक वाडी-वस्तीवर असं एखादं तरी मूल असतं, ज्याचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये आहे, पण जे अंगणवाडीच्या सतरंजीवर कधी बसलेलं नाही. कुणाला नीट चालता येत नाही. कुणी तिसरं वर्ष सरत आलं तरी ‘आई’ म्हणत नाही. कुणी हाक मारली तर वळत नाही, पण फिरत्या पंख्याकडे मात्र तासन्‌तास बघत राहतं. घरचे म्हणतात, “कशाला पाठवायचं, पोरं चिडवतील.” अंगणवाडीताई म्हणतात, “एवढ्या सगळ्यांत मी याला एकटी कशी सांभाळू?” शेजारी म्हणतात, “याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता.” तिघांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे, आणि त्या म्हणण्या-म्हणण्यात मुलाचं एकेक वर्ष हातचं जातं.

हे आवाहन त्या मुलासाठी आहे आणि ते घाईचं आहे. सहा वर्षं पूर्ण झाली की मूल अंगणवाडीतून बाहेर पडतं. मग एकतर ते काहीच तयारी नसताना पहिलीत जाऊन बसतं, नाहीतर कुठेच जात नाही. ऐकू न येणाऱ्या बाळाच्या कानाला यंत्र वर्षा-दीड वर्षात लागलं तर ते बोलायला शिकण्याची चांगली आशा असते. सहाव्या वर्षी तेच यंत्र लावलं तर आवाज पोचतो, पण बोलणं येणं फार अवघड होऊन बसतं. पाय आत वळलेलं बाळ पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टरसाठी नेलं तर बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय पाय सरळ होतो. तिरळ्या डोळ्याचंही तसंच, वेळ गेली की त्या डोळ्याची नजर मंदावते. ‘मोठं झाल्यावर बघू’ हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झालं पाहिजे.

सरकारी कागदावर या मुलांची सोय नाही असं मुळीच नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, त्यातूनच आजची अंगणवाडी आली. आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे पाठवणं आणि आयांना आरोग्याची माहिती देणं ही सगळी कामं तिच्याकडे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आणि वर्षातून एकदा तरी सगळ्या मुलांची तपासणी करून धोक्याची लक्षणं शोधण्याची जबाबदारी शासनावर टाकली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने खास दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. तिच्या तीन पायऱ्या आहेत : लक्षणं लवकर ओळखायची, मुलाला गावच्या कार्यक्रमांत सामील करून कुटुंबाला बळ द्यायचं, आणि आशाताई, परिचारिका व तपासणी पथकामार्फत त्याला उपचारापर्यंत पोचवायचं.

पहिली आणि तिसरी पायरी ताई, डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातातली आहे. मधली पायरी गावाची आहे. ती आपण चढलो नाही तर बाकीच्या दोन्ही वाया जातात. पथक येतं त्या दिवशी ते मूल घरी असेल तर तपासणार कुणाला? आणि दवाखान्यात नेण्याची चिठ्ठी मिळूनही आई ती डब्यात ठेवून देत असेल, कारण दवाखान्यात सोबत यायला कुणी नाही, तर त्या चिठ्ठीचा उपयोग काय?

आपणच मुलापर्यंत जाणं महाराष्ट्राला नवं नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची मूळ कल्पना तिथली. पुढे कोसबाडला, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. मूल येत नाही म्हणून त्याला दोष न देता आपण कुठं कमी पडतो ते त्यांनी शोधलं. आपल्या अंगणवाडीचा उंबरा ओलांडता न येणाऱ्या मुलासाठी आपल्याला तेवढंच करायचं आहे.

त्यासाठी लागतं काय, ते एकदा जवळून बघा. दाराशी दोन पायऱ्या असतील तर तिथे उतार हवा, आणि तोही नावापुरता नको. एक फूट उंची चढायची असेल तर बारा फूट लांबीचा उतार लागतो, शेजारी धरायला कठडा लागतो. घाईघाईत सिमेंट ओतून केलेल्या उभ्या उतारावरून मूल घसरतं आणि आई पुन्हा त्याला काखेत घेऊन चढते. कमी ऐकू येणारं मूल ताईंच्या समोर, उजेड ताईंच्या तोंडावर पडेल अशा जागी बसवायला हवं. त्यात एक पैसाही खर्च नाही. ज्या मुलाला अचानक बदल सोसत नाही त्याच्यासाठी भिंतीवर ओळीने चार चित्रं लावा : गाणं, खेळ, हात धुणं, खाऊ. पुढे काय होणार हे त्याला कळलं की निम्मं रडणं थांबतं. मान न धरणाऱ्या मुलाला भरवताना आडवं झोपवून घास देऊ नका. त्याला टेकू देऊन सरळ बसवा, खिचडी मऊ करून घ्या, घास लहान ठेवा आणि गिळल्याची खात्री करूनच पुढचा घास द्या. आडव्या मुलाच्या श्वासनलिकेत अन्न जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मदतनीसताईंना हे कुणीतरी एकदा समोर बसून करून दाखवायला हवं. लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे बालरोग विभाग आहे, शेजारी फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. ग्रामपंचायतीने पत्र देऊन महिन्यातून एक दिवस तिथल्या फिजिओथेरपिस्टना अंगणवाडीत बोलवावं, अशी आमची पहिली मागणी आहे.

आता घरच्यांशी बोलायचं आहे, कारण या कामाचा खरा आधार घर आहे. मुलाला तहान लागली की ते काय करतं, कशाला घाबरतं, कोणत्या गाण्याने शांत होतं, कोणता हात आधी पुढे करतं, हे त्याच्या आईला आणि आजीला जेवढं ठाऊक असतं तेवढं कुठल्याही तज्ज्ञाला नसतं. ताईंनी पहिल्याच दिवशी घरी जाऊन हे विचारावं आणि वहीच्या एका पानावर लिहून घ्यावं. मुलाला काय येत नाही याची नोंद सगळेच करतात. काय येतं, ते त्या पानावर आधी असावं. आणि मग दर आठवड्याला घरी काय सांगायचं, तर एखादीच गोष्ट : “आज त्यानं चेंडू परत ढकलला, घरी तुम्हीही खेळा.” व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिण्यापेक्षा आवाजात सांगा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही ऐकता येईल. मात्र कुणाही दिव्यांग मुलाचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका, अगदी कौतुक म्हणूनसुद्धा.

पालक मेळाव्याला बाप येत नाहीत. मेळावा सकाळी अकराला ठेवला तर येणार कसे? कुणी उसाला पाणी देत असतो, कुणी दुकानात बसलेला असतो. दोन महिन्यांतून एकदा तरी मेळावा संध्याकाळी घ्या, मंदिराच्या सभामंडपात घ्या, आणि निरोप बापाच्या नावाने पाठवा. बापांनो, तुमचं मूल वेगळं आहे म्हणून घरात बाईला बोल लावला जातो हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या शेजारी येऊन बसा. ग्रहण पाळलं नाही, पायगुण वाईट, देवीचा कोप झाला, असलं बोलणं ऐकून ती आधीच खचलेली असते. भगवतीमातेच्या गावात कुठल्याही आईला असं ऐकून घ्यावं लागू नये.

आणखी एका मुलाबद्दल बोललंच पाहिजे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात. १९५० मध्ये शेतकऱ्यांनी थोडंथोडं भागभांडवल उभं करून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून या परगण्याचा संसार उसावर चालतो. तो ऊस तोडणाऱ्यांची पोरं पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला बसलेली असतात. त्यांच्या गावाकडच्या अंगणवाडीत नाव असतं, इथल्या रजिस्टरमध्ये नसतं, म्हणून आहार नाही, वजन नाही, लस चुकते. त्यातलं एखादं मूल दिव्यांग असेल तर त्याला कोपीतच सोडून आईला कामावर जावं लागतं. अंगणवाडीची सेवा मूल जिथे राहतं तिथे मिळायला हवी. शेतकऱ्यांनी आणि मुकादमांनी टोळी उतरल्याच्या आठवड्यातच सहा वर्षांखालच्या मुलांची यादी ताईंकडे द्यावी. तसंच पुलाचं. प्रवरेच्या अलीकडे राहाता तालुका, पलीकडे राहुरी. तालुका बदलला म्हणून एकही मूल तपासणीतून सुटता कामा नये. दोन्हीकडच्या बालविकास प्रकल्प कार्यालयांनी यादी एकमेकांना दाखवावी.

पैशांचा प्रश्न येईलच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. यातून वर्षाअखेरीस एखादी वस्तू वाटून फोटो काढण्यापेक्षा अंगणवाडीचा उतार, वापरता येईल असं शौचालय, टेकून बसायची एक खुर्ची आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचं गाडीभाडं करा. गाडीभाडं हा फार छोटा खर्च वाटतो, पण अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जायचं म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम झालं नाही की पुन्हा कुणी जात नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणि तिच्या आधीच्या महिला ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. गावाच्या विकास आराखड्यात तो आकड्यासकट यायला हवा.

ताईंच्या बाजूनेही बोलणं भाग आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस मानधनवाढ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या होत्या. वजन, उंची, पोषण ट्रॅकरवरची नोंद, आहार, सर्वेक्षणं, सगळं त्यांच्याच गळ्यात आहे. त्यात ‘आता दिव्यांग मुलंही घ्या’ असा नुसता हुकूम आला तर त्या वैतागतील, आणि त्यांचं चुकणार नाही. ज्या अंगणवाडीत असं मूल येईल तिथे रोज दोन तास एका स्वयंसेवकाने बसायचं, हे गावाने ठरवावं. निवृत्त शिक्षक आहेत, बचत गटाच्या भगिनी आहेत, महाविद्यालयात शिकणारी पोरं-पोरी आहेत. मात्र येणाऱ्याने रोज यावं. आठवड्याने गायब होणाऱ्या माणसामुळे त्या मुलाचं नुकसानच होतं.

ज्यांची मुलं धडधाकट आहेत त्यांनाही एक सांगणं आहे. आपल्या मुलाशेजारी असं मूल बसलं तर आपलं मूल मागे पडेल, ही भीती काढून टाका. तीन-चार वर्षांचं पोर चिडवायला आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते मोठ्यांचं ऐकून चिडवतं. तुम्ही त्याला सांगा, “तो बोलत नाही ना, मग त्याला हातानं दाखव.” दुसऱ्या दिवशी ते दाखवू लागतं.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने एक काम करावं. आपल्या गल्लीतलं, वस्तीवरचं असं मूल आठवा, त्याच्या घरी जा, आणि त्याच्या आईबरोबर चालत अंगणवाडीपर्यंत जा. ताईंकडून पुढच्या तपासणीची तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशीही सोबत जा. सरपंच आणि सदस्यांनी १५ ऑगस्टला सांगावं : गावात अशी मुलं किती, त्यातली अंगणवाडीत येतात किती, आणि उरलेली का येत नाहीत. उत्तर मिळेपर्यंत ग्रामसभा सोडून कुणी उठू नका.

आपले,
कोल्हार परिसरातील पालक व ग्रामस्थ