फिल्टर, पिकअप आणि डिकीतले दहा किलो

अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाच्याने एक जुनी माझदा मियाता घेतली आहे. १९९१ची. दोन माणसे बसतील एवढीच जागा, कापडी टप, सोळाशे सीसीचे इंजिन आणि सुमारे ११५ अश्वशक्ती. आमच्या ताईचे म्हणणे असे की तेवढ्या पैशांत चार माणसांची नीट गाडी आली असती. असो. भाच्याचा प्रश्न वेगळा होता. ‘‘मामा, तू जन्मभर इंजिनांत काढलीस. बाहेरचा एअर फिल्टर टाकला तर फरक पडतो की नाही, एका शब्दात सांग.’’

एका शब्दात सांगायचे तर ‘नाही’. पण हाच प्रश्न पुण्यात आमच्या सोसायटीतली मुलेही विचारतात, आणि त्यांच्यासाठी उत्तर जरा लांब द्यावे लागते. त्यांच्याकडे स्पोर्ट्स कार नसते. हॅचबॅक असते, बहुधा वडिलांच्या नावावरची. हौस मात्र तीच. कागदी फिल्टर काही शे रुपयांत मिळतो, बाहेरचा धुता येणारा फिल्टर पाच-सहा हजारांना, आणि इंजिनाच्या खोलीत उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा संच त्याहूनही महाग. गॅरेजवाला तीन गोष्टी सांगतो: पिकअप वाढतो, ॲव्हरेज सुधारते आणि पुन्हा कधी बदलावा लागत नाही.

आधी हवेचा हिशेब पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत, एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. मुंबईहून पुण्याला येताना गाडीने दहा लिटर पेट्रोल खाल्ले, तर तिने नव्वद हजार लिटर हवा ओढली; म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. पेट्रोल आपण पैसे मोजून घेतो म्हणून ते लक्षात राहते. हवा फुकट, म्हणून तिचा विचार कोणी करत नाही. ही सगळी हवा ज्या कागदातून जाते त्याच्या घड्या उलगडल्या तर तो मोठ्या टॉवेलाएवढा भरेल. एवढ्या पसरलेल्या पृष्ठभागातून हवा जाते म्हणूनच तो कागद दिसतो तेवढा अडथळा करत नाही.

भाच्याचे इंजिन साडेसहा हजार फेऱ्यांवर, पाय पूर्ण दाबलेला असताना, सेकंदाला ऐंशी-पंच्याऐंशी लिटर हवा मागते. पाच बादल्या, दर सेकंदाला. अशा वेळीही स्वच्छ कागदी फिल्टरमुळे हवेचा दाब घटतो तो साधारण एक-दीड टक्का. हा सगळा अडथळा जादूने नाहीसा झाला, म्हणजे फिल्टरच काढून टाकला, तरी हाती लागणार एक-दीड अश्वशक्ती. नव्या फिल्टरने तो अडथळा फार तर थोडा कमी होतो, नाहीसा होत नाही. एकच इंजिन सकाळी आणि दुपारी चाचणीच्या बाकावर चढवले तरी आकड्यांत एवढा फरक पडतो. माझी बरीच वर्षे अशाच खोलीत गेली. तिथे अर्ध्या अश्वशक्तीसाठी कोणी खुर्चीवरून उठत नसे. शिवाय मियाताच्या या पहिल्या सोळाशे सीसी मॉडेलमध्ये हवा मोजायला वाटेत एक झडप असते आणि येणारी हवा ती ढकलून आत जाते. कागद बदलला तरी ती झडप तिथेच राहते.

हे झाले पाय पूर्ण दाबल्यावर. पण तसा आपण कितीदा दाबतो? द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगाने लहान गाडी चालवायला पंधरा-वीस अश्वशक्ती पुरतात. तेव्हा थ्रॉटलची झडप बहुतांशी मिटलेली असते. हवा अडवण्याचे काम ती स्वतःच, मुद्दाम, करत असते. नळ अर्धा बंद ठेवायचा आणि पाणी जोरात यावे म्हणून गच्चीवरच्या टाकीचा पाइप बदलायचा, त्यातला हा प्रकार. टर्बो असलेल्या गाड्यांत तर संगणक ठरलेला दाब स्वतःच गाठून घेतो. फिल्टरने दिलेली सवलत बहुधा तिथेच जिरते.

आणि हीच गाडी महाबळेश्वरला नेली तर? तेराशे-साडेतेराशे मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे बारा टक्के विरळ असते. टर्बो नसलेले इंजिन तिथे साधारण तेवढीच ताकद गमावते. ११५ पैकी तेरा-चौदा अश्वशक्ती घाटातच सांडतात. तरी वर पोचल्यावर ‘गाडी ओढत नाही’ असे कोणी म्हणत नाही, सगळे स्ट्रॉबेरी शोधायला निघतात. चौदा गेल्याचे ज्याला कळले नाही, त्याला एक आल्याचे कसे कळते?

ते कळते कानाला. हे मी थट्टेने म्हणत नाही. कंपनीने दिलेली फिल्टरची काळी पेटी आणि तिला जोडलेले पोकळ डबे हे आवाज गिळण्यासाठीही असतात. ती पेटी काढून उघडा शंकू बसवला की इंजिन हवा ओढताना गुरगुरते, आणि आपला मेंदू आवाजाला वेग समजतो. बुलेटचा सायलेन्सर बदलणाऱ्यांचे मानसशास्त्र याहून वेगळे नाही. फरक एवढाच की सायलेन्सर शेजाऱ्यांची झोप घालवतो, आणि हा आवाज बराचसा चालवणाऱ्याच्याच वाट्याला येतो. तरुण माणसाला तो हवासा वाटला तर मला त्यात काही गैर दिसत नाही. मलाही आवडतो. माझे म्हणणे इतकेच की आवाज विकत घेतोय तर आवाज म्हणून घ्यावा, बिलावर अश्वशक्ती लिहू नये.

त्या उघड्या शंकूची आणखी एक खोड आहे. तो रेडिएटरच्या मागे, एक्झॉस्टच्या शेजारी, तापलेल्या खोलीत बसतो आणि तिथलीच हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. गर्दीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा वीस-तीस अंश जास्त सहज असतात. म्हणजे एक टक्का मिळवायला निघालो आणि सहा-नऊ टक्के देऊन आलो. कंपनीची कुरूप पेटी पुढून, थंड जागेतून हवा घेते ती उगाच नव्हे.

ॲव्हरेजचे प्रकरण थोडक्यात आटोपते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये नव्या पद्धतीच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. पिकअप मंदावला, पण ॲव्हरेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही कमी सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. पण त्या तपासणीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की पिकअप खरोखर खातो तो तुंबलेला फिल्टर. त्यावरचा उपाय म्हणजे त्याच जातीचा नवा, काही शे रुपयांचा कागद.

आता धूळ. या वादात खरी गोष्ट धुळीचीच आहे आणि जाहिरातीत ती सर्वांत शेवटी येते.

हे तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर प्रसिद्ध केले ते कॅलिफोर्नियातल्याच के अँड एन कंपनीने. केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडॉनल्ड या दोघांच्या नावांची ती अक्षरे. मोटारसायकलींच्या शर्यतीतून हा धंदा उभा राहिला. कल्पना चांगलीच आहे. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत आणि जीपगाड्यांत ऑइल-बाथ फिल्टर असत, त्यांच्याशी तिचे दूरचे नाते आहे. धूळ ओलसर तेलाला चिकटते. ज्याने तो बाथ उघडून तळाशी साचलेला चिखल पाहिला आहे, त्याला आपले इंजिन काय श्वास घेते हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण घरातल्या बाईला विचारा. मैद्याच्या चाळणीतून पीठ सावकाश पडते, रव्याच्या चाळणीतून भराभर. आकारमान तेवढेच ठेवून जास्त हवा सोडायची, धूळही तेवढीच अडवायची आणि लवकर तुंबायचेही नाही, या तिन्ही गोष्टी एकदम साधणे फार अवघड. कुठेतरी देणे-घेणे होतेच. फिल्टर तपासायची आयएसओ ५०११ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात ठरावीक धूळ सोडून किती अडली आणि किती निसटली हे वजनाने मोजतात. विकणाऱ्याकडे त्या चाचणीचा कागद मागावा. कागद निघाला तर वाचावा, आणि नुसती स्टिकर निघाली तर चहा पिऊन घरी यावे.

रस्त्यावरच्या धुळीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भुगा. ती साध्या पोलादाहून कठीण. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली तर इंजिनाला सर्वांत घातक कण पाच ते वीस मायक्रॉनांचे, डोळ्यांना न दिसणारे. रिंगा आणि बोअर यांच्यामधला तेलाचा पापुद्रा त्यांच्याहून पातळ असतो, म्हणून ते कण तिथे पॉलिशपेपरसारखे काम करतात. खडीच्या क्रशरवर चालणाऱ्या एका ट्रकचे इंजिन आमच्याकडे उघडले होते. फिल्टर उत्तम होता, पण त्याच्यापुढच्या रबरी नळीला बोटभर चीर होती. रिंगांच्या कडा दाढीच्या पात्यासारख्या झालेल्या, बोअरला नखाला लागेल एवढी पायरी. मालकाची तक्रार फक्त एवढीच होती की गाडी ऑइल खाते.

म्हणून भाच्याला आणि सोसायटीतल्या मुलांना मी एकच उत्तर देत नाही. तिकडच्या गुळगुळीत फ्रीवेवर, आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीत, मूळ पेटीतच बसणारा धुण्याजोगा फिल्टर टाकला तर फार काही बिघडत नाही. फायदाही नाही, तो भाग वेगळा. पेटीच काढून उघडा संच लावायचा असेल तर कॅलिफोर्नियात त्या संचाला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. धूर-तपासणीला येणाऱ्या गाडीचे बॉनेट उघडून तो पाहतात. चाकणच्या रस्त्यावर, पुढे मालाचे ट्रक आणि बाजूला मेट्रोची किंवा पुलाची खोदाई चालू असताना, मी चाळणीशी खेळ करणार नाही. इंजिनाचे काम निघाले तर पाच-सहा हजारांत भागत नाही, आणि ते बिल फिल्टर टाकणारा मुलगा नव्हे, त्याचा बाप भरतो.

‘पुन्हा बदलावा लागत नाही’ हेही अर्धेच खरे. तो धुवावा लागतो, सावलीत पूर्ण वाळवावा लागतो, मग मोजून तेल द्यावे लागते. तेल कमी पडले तर धूळ निसटते. जास्त झाले तर आजकालच्या गाड्यांत हवा मोजणाऱ्या बारीक तारेवर जाऊन बसते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. हे सगळे हौसेने करणारा माणूस मी मानतो. गॅरेजमधल्या पोऱ्यावर सोपवणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

शर्यतीत उतरणाऱ्याची गोष्ट निराळी. कॅमशाफ्ट बदलली, थ्रॉटल मोठा केला, इंजिन मूळच्या दीडपट हवा मागू लागले, तर फिल्टरही मोठा हवाच. तिथे इंजिन वारंवार उघडले जाते, त्याच्याकडून दोन लाख किलोमीटरची कोणी अपेक्षा करत नाही.

मियाता मुळात ताकदीची गाडी नाहीच. माझदाने ती आखताना घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, या अर्थाचा जपानी शब्दप्रयोग समोर ठेवला होता आणि सगळी मेहनत वजन कमी ठेवण्यावर घेतली. सुमारे हजार किलोंच्या गाडीतून दहा किलो उतरवले तर पिकअपला होणारा फायदा एक टक्का अश्वशक्ती वाढवल्याएवढाच असतो. तेव्हा पिकअप हवा असेल तर डिकी उघडा. पाण्याचा कॅन, सहलीची सतरंजी, रद्दीला द्यायचे राहिलेले गठ्ठे, गेल्या दिवाळीपासून पडलेली पिशवी. दहा किलो कुठेच गेले नाहीत. पैसे खर्चच करायचे असतील तर चांगल्या टायरांवर आणि ब्रेकच्या पॅडवर करावेत. तिथला फरक घाटातल्या पहिल्या वळणावर कळतो.

आणि कागदी फिल्टर वेळेवर बदलावा. सर्व्हिसला गेल्यावर ‘हवा मारून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणावे. दाबाच्या हवेने कागदाला न दिसणारी भोके पडतात, आणि थोडा मळलेला कागद कोऱ्यापेक्षा उलट चांगला गाळतो. नवा बसवताना रबरी कड पेटीच्या खाचेत चारी बाजूंनी नीट बसली का, क्लिपा लागल्या का, हे स्वतः उभे राहून पाहावे. पुढच्या खेपेला पेटी उघडली की फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात स्वच्छ बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली, तर फिल्टर कुठल्याही कंपनीचा असो, गाडी तिथून हलवू नये.