विश्लेषण : अणुभट्टी विकत मिळते, देशाची तयारी कुठून आणणार?

जगातील सुमारे ३० देश पहिल्यांदाच अणुवीज निर्मितीचा विचार करत आहेत किंवा त्या दिशेने पावले टाकत आहेत. बांगलादेश, तुर्कस्तान आणि इजिप्तने तर बांधकामच हाती घेतले आहे. करारावर सह्या होतात तेव्हा चर्चा होते ती भट्टीच्या क्षमतेची आणि कर्जाच्या आकड्याची. कायदा, नियामक, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि वीजवाहिन्यांचे जाळे या गोष्टी बातमीत शेवटच्या ओळीत येतात. गेल्या ५० वर्षांचा अनुभव मात्र सांगतो, की नवख्या देशांचे प्रकल्प अडतात ते याच शेवटच्या ओळीवर.

देशाची तयारी म्हणजे नेमके काय?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने (आयएईए) २००७ मध्ये नवख्या देशांसाठी टप्प्याटप्प्याची एक मार्गदर्शिका तयार केली. त्यात तयारीचे १९ मुद्दे आहेत. सरकारची ठाम भूमिका, सुरक्षा, निधी, कायदा, नियामक यंत्रणा, वीज जाळे, मनुष्यबळ, जागेची निवड, आपत्ती व्यवस्थापन, किरणोत्सारी कचरा, स्थानिकांचा सहभाग असे हे मुद्दे. पहिल्या टप्प्यात देशाने विचारपूर्वक निर्णय घ्यायचा, दुसऱ्यात निविदा किंवा करारापर्यंतची तयारी करायची आणि तिसऱ्यात प्रकल्प बांधून तो चालवण्यास सज्ज व्हायचे. या प्रवासाला साधारण १० ते १५ वर्षे लागतात. त्यानंतर प्रकल्प चालवणे, तो मोडीत काढणे आणि कचरा सांभाळणे हे धरले तर ही बांधिलकी सुमारे १०० वर्षांची होते. म्हणजे सही करणारे सरकार पाच वर्षांचे आणि जबाबदारी चार पिढ्यांची.

घाई केली तर काय होते?

याचे उत्तर फिलिपाइन्समधील बटान येथे आजही उभे आहे. फर्डिनांड मार्कोस यांच्या हुकूमशाही राजवटीत, १९७६ मध्ये अमेरिकेच्या वेस्टिंगहाऊस कंपनीबरोबर ६२१ मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम सुरू झाले. जागा नातिब ज्वालामुखीच्या परिसरातली. व्यवहारात भ्रष्टाचाराचे आरोप झाले. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अपघातानंतर १९७९ मध्ये काम थांबवून चौकशी झाली. आराखड्यात बदल करून ते पुन्हा सुरू झाले आणि प्रकल्प बांधूनही झाला. पण १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस यांची सत्ता गेली आणि एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला. नव्या सरकारने प्रकल्प सुरू न करण्याचा निर्णय घेतला.

खर्च झाला होता दोन अब्ज डॉलरहून अधिक. त्या कर्जाचे हप्ते फिलिपाइन्सची जनता २००७ पर्यंत फेडत राहिली. बदल्यात एक युनिटही वीज मिळाली नाही. त्या काळात देशातील अणुऊर्जा आयोगाकडे अणुऊर्जेचा प्रसार आणि तिचे नियमन अशी दोन्ही कामे होती. प्रकल्प हवा म्हणणाऱ्यानेच तो सुरक्षित आहे असे प्रमाणपत्र दिले, तर लोकांनी त्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न तेव्हाही होता. स्वतंत्र नियामक स्थापन करणारा कायदा तिथे झाला तो थेट २०२५ मध्ये. त्यावर सही करणारे अध्यक्ष मार्कोस यांचेच चिरंजीव, हा काळाचा न्याय.

अमिरातीने वेगळे काय केले?

संयुक्त अरब अमिरातीने क्रम बदलला. एप्रिल २००८ मध्ये धोरण जाहीर झाले. युरेनियम समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनाचे पुनर्प्रक्रियाकरण देशात करणार नाही, असे आधीच सांगून टाकल्याने शेजाऱ्यांची आणि पुरवठादारांची शंका मिटली. २००९ मध्ये अणुऊर्जा कायदा आणि त्यासोबत स्वतंत्र नियामक आला. त्याच्या प्रमुखपदी अमेरिकी अणुनियामक आयोगात वरिष्ठ पदावर काम केलेल्या विल्यम ट्रॅव्हर्स यांना आणले गेले. दक्षिण कोरियाच्या ‘केप्को’ला सुमारे २० अब्ज डॉलरचे कंत्राट मिळाले ते यानंतर, डिसेंबर २००९ मध्ये. बाराकातील चौथी भट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये व्यावसायिकदृष्ट्या सुरू झाली. आज ५,६०० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प देशाची सुमारे २५ टक्के विजेची गरज भागवतो.

तरीही बाराकाला उशीर का झाला?

इथेच खरा धडा आहे. पहिली भट्टी २०१७ मध्ये सुरू व्हायची होती. बांधकाम पूर्ण झाल्याचा सोहळा मार्च २०१८ मध्ये झाला. पण ती चालवण्याचा परवाना नियामकाने दिला फेब्रुवारी २०२० मध्ये. चालवणाऱ्या कंपनीची आणि तिच्या माणसांची सज्जता हे त्यामागचे मोठे कारण होते. अब्जावधी डॉलरची भट्टी तयार असताना ‘थांबा’ म्हणण्याची ताकद नियामकात होती आणि सरकारने ते ऐकले. पैशाची कमतरता नसलेल्या, परदेशी तज्ज्ञ हवे तितके आणू शकणाऱ्या देशालाही प्रशिक्षित माणसे वेळेत मिळाली नाहीत, तर गरीब देशांनी ही बाब किती गांभीर्याने घ्यायला हवी?

रूपपूरची वीज कुठे अडली?

बांगलादेशातील रूपपूर प्रकल्पाची कल्पना पाकिस्तानकाळातली, १९६० च्या दशकातली. रशियाबरोबर करार झाला २०११ मध्ये. नियमनाचा कायदा २०१२ मध्ये आणि नियामक २०१३ मध्ये आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिले काँक्रीट पडले. प्रत्येकी १,२०० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांचा खर्च १२.६५ अब्ज डॉलर. त्यातील ९० टक्के रशियाचे कर्ज. पहिले इंधन सप्टेंबर २०२३ मध्ये पोहोचले, पण २०२४ संपले तरी वीज आली नव्हती.

अडचण फक्त भट्टीची नव्हती. वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या, विशेषतः पद्मा आणि जमुना नद्या ओलांडणारे टप्पे, मागे पडले. एका भट्टीची क्षमता जाळ्याच्या एकूण क्षमतेच्या साधारण १० टक्क्यांहून अधिक नसावी, असा संकेत आहे. कारण ती अचानक बंद पडली तर बाकीचे जाळे कोसळू शकते. म्हणजे १,२०० मेगावॉटच्या भट्टीसाठी जाळे किमान १२ हजार मेगावॉटचे हवे. बांगलादेशातील मागणी एप्रिल २०२४ मध्ये १६ हजार मेगावॉटच्या पुढे गेली खरी, पण हिवाळ्यातील रात्री ती बरीच खाली येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाळे कोलमडून देशाचा मोठा भाग अंधारात गेला होता. बंद भट्टीलाही थंड ठेवण्यासाठी वीज लागते, हे २०११ मध्ये फुकुशिमाने दाखवून दिले. त्यामुळे जाळे हा सुरक्षेचाच भाग ठरतो.

यात भारताचा संबंध काय?

रशिया, बांगलादेश आणि भारत यांच्यात मार्च २०१८ मध्ये रूपपूरसाठी त्रिपक्षीय सामंजस्य करार झाला. मनुष्यबळ प्रशिक्षण आणि बांधकामातील सहभाग असे त्याचे स्वरूप आहे. पारेषण वाहिन्यांच्या कामांसाठी भारताने सवलतीचे कर्जही देऊ केले. भट्टी रशियाची असली, तरी ती उपयोगी पडावी यासाठीच्या कामांत भारताचा वाटा आहे. शेजारी देशाची अणुसुरक्षा सीमेवर थांबत नाही, हे लक्षात घेता तो वाटा केवळ व्यापाराचा मानणे चूक ठरेल.

परक्यालाच सगळे करू दिले तर?

तुर्कस्तानने तो मार्ग निवडला. अक्कुयू येथील ४,८०० मेगावॉटचा प्रकल्प रशियाच्या ‘रोसातोम’ने बांधायचा, मालकीही तिचीच आणि चालवायचाही तिनेच, असा २०१० चा करार आहे. तुर्कस्तान ठरावीक वीज १५ वर्षे प्रति युनिट १२.३५ अमेरिकी सेंट दराने घेणार. सरकारी तिजोरीवर भार नाही, म्हणून हे आकर्षक वाटते. पण अपघात झाला तर जमीन आणि माणसे तुर्कस्तानचीच असतील. स्वतंत्र अणुनियामक मात्र तिथे २०१८ मध्ये, म्हणजे करारानंतर आठ वर्षांनी आला. २०२३ मध्ये, प्रजासत्ताकाच्या शताब्दीला पहिली भट्टी सुरू करण्याचे लक्ष्यही हुकले. भट्टी चालवायला परका माणूस आणता येतो. तिच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी परक्याकडे सोपवता येत नाही.

छोट्या अणुभट्ट्यांमुळे ही कटकट टळेल?

काही अंशी. कमी क्षमतेची भट्टी लहान जाळ्यालाही झेपते आणि एकदम लागणारे भांडवल कमी असते. पण कायदा, नियामक, आपत्ती आराखडा, इंधनाचा हिशेब आणि कचऱ्याची जबाबदारी ५० मेगावॉटलाही लागते आणि हजारलाही. ‘कारखान्यात तयार करून आणून बसवा’ या जाहिरातीत १९ पैकी बहुतेक मुद्दे तसेच राहतात.

मग नवख्या देशांनी काय करावे?

हवामान बदलाच्या काळात कोळशाला पर्याय हवा आणि गरीब देशांनी अणुवीज मागू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी कायदा आणि ऊर्जा खात्यापासून वेगळा नियामक, मग माणसे आणि वाहिन्या, त्यानंतर कंत्राट. कर्ज देणाऱ्या आणि भट्टी विकणाऱ्या देशांनीही हीच अट घातली पाहिजे, कारण एका नवख्या देशातील अपघाताची किंमत जगभरातील अणुऊर्जा मोजते. आपल्या नियामकाने ‘नाही’ म्हटले तर सरकार थांबेल का, हा प्रश्न प्रत्येक देशाने सहीपूर्वी स्वतःला विचारावा. उत्तर ‘हो’ येत नसेल, तर तो देश अजून तयार नाही.