ऑर्डरचा तंबोरा आणि दुकानातला तंबोरा

रमजानचा अर्धा महिना सरला की गावोगावच्या टेलरमास्तरांच्या दुकानांवर ‘ऑर्डर घेणे बंद’ अशी पाटी झळकते. शेजारच्याच दुकानात तयार कुर्ते टांगलेले असतात. गिऱ्हाईक एकच, ईदही एकच, पण धंद्याच्या रीती दोन. गिऱ्हाइकाच्या मापाने घडवून द्यायचे, की आधी घडवून ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहायची? हाताने काम करणाऱ्या प्रत्येक घराला हा प्रश्न पडतो. या वेळी आम्ही तो मिरजेच्या सतारमेकरांच्या निमित्ताने मांडत आहोत, कारण त्यांच्याकडे एक चूक वर्षभराची मेहनत अडकवून ठेवते.

मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी-भाले घडवणे, त्यांना धार लावणे हा त्यांचा पेशा. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी ओसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत आणि मग घडणीत हात घातला. तेव्हापासून हा हुनर पिढ्यान् पिढ्या चालत आला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. 1937 साली त्यांचा इंतकाल झाला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. गायक आणि कारागीर अशा रीतीने एकाच गावात नांदले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, मान मिळाला. पण मानाने चूल पेटत नाही, ती महिन्याच्या हिशेबाने पेटते.

आता हा हिशेब पाहू. तंबोऱ्याचा पाया म्हणजे कडू भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून येतो. कारखान्यात पाहिजे तेव्हा तो बनवता येत नाही. हंगामात मिळेल तो घ्यायचा, वाळवायचा आणि जपून ठेवायचा. तुणाचे लाकूडही चांगले मुरलेले लागते. म्हणजे पहिली ऑर्डर येण्याआधीच कारागिराचा पैसा भोपळ्यांत आणि लाकडात अडकलेला असतो. निव्वळ ऑर्डरवर चालणारा धंदा असे आपण ज्याला म्हणतो, त्याच्या पोटातही थोडा साठा असतोच.

भोपळा निवडला की अर्धा निर्णय होऊन गेला. पुरुषी तंबोऱ्याला मोठ्या घेराचा भोपळा आणि लांब दांडी, बायकी तंबोऱ्याला दोन्ही लहान. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांसाठी घडवलेला तंबोरा काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंना देता येत नाही. पुढची कामे मात्र शेवटपर्यंत मोकळी असतात. नक्षी किती, पॉलिशचा रंग कोणता, तारा किती जाडीच्या, घोडीवरची जवारी खुली की बंद, हे सगळे गिऱ्हाईक समोर आल्यावरही ठरवता येते. जवारी तर त्याच्या कानासमोरच लावलेली बरी.

आमच्या मते या धंद्याची किल्ली इथेच आहे. ‘ऑर्डर की तयार माल’ असा प्रश्नच थोडा चुकीचा. खरा प्रश्न असा की गिऱ्हाईक कोण हे माहीत नसताना काम कुठवर न्यावे? नेहमी खपणाऱ्या दोन-तीन मापांचे सांगाडे, म्हणजे भोपळा, गळा, दांडी आणि तबली जोडून, मंदीच्या दिवसांत उभे करून ठेवावेत. पुढचे काम नाव आल्यावर करावे. अशाने गिऱ्हाइकाला वर्षभर थांबावे लागत नाही, आणि न खपलेल्या वाद्यावर नक्षी-पॉलिशची मजुरीही वाया जात नाही.

परदेशातल्या गिटार बनवणाऱ्यांपुढेही हाच पेच होता. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मन कारागीर 1833 साली न्यूयॉर्कला गेला आणि 1839 साली पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झाला. त्याच्या घराण्याने पुढे गिटारांचे ठरावीक आकार आणि सजावटीचे ठरावीक दर्जे पाडले आणि त्यांना आकडे दिले. गिऱ्हाईक आकडा सांगे, कारखाना तो साचा काढी. वेगळे काही हवे असेल तर तेही मिळे, पण साच्याच्या आधाराने. तो धंदा आजही चालू आहे. उलट आजच्या गिटारीला तिचे रूप देणारा स्पेनचा आंतोनियो दे तोरेस हुनरात कुणाला हार जाणारा नव्हता. तरीही 1870 च्या सुमारास त्याला गिटारी बाजूला ठेवून आल्मेरिया गावात काचसामानाचे आणि चिनीमातीच्या भांड्यांचे दुकान थाटावे लागले. काही वर्षांनी तो पुन्हा गिटारीकडे वळला आणि 1892 साली मरेपर्यंत घडवत राहिला. एवढ्या मोठ्या उस्तादाला भांडी विकावी लागली, ही गोष्ट आमच्या घरांतल्या कारागिरांनी ध्यानात ठेवावी. हुनर आणि हिशेब या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि घर चालवायला दोन्ही लागतात.

तयार मालाचा धोका उघड आहे. माल पडून राहिला तर पैसा अडकतो. 1979 साली बंगळूरच्या जी. राजनारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आणि आता तर मोबाईलमध्येच तंबोरा वाजतो. शिकाऊ मुलगा पूर्वी दुकानातला साधा तंबोरा घेई. आता त्याचे काम यंत्रावर भागते. म्हणून स्वस्त मालाचे ढीग लावण्यात पूर्वीसारखी बरकत राहिलेली नाही.

ऑर्डरचा धोका मात्र चटकन दिसत नाही. डावखुऱ्या वादकाची सतार घ्या. तिच्या खुंट्यांची, तारांची बाजूच उलटी. गिऱ्हाईक फिरले तर ती दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. त्याहून मोठा धोका बयाण्याचा. बयाणा हातात आला की तो कमाई वाटू लागतो, आणि फी, दवाखाना, लग्न यांत संपून जातो. मग लाकूड आणायला पैसे नसतात. म्हणून नवा बयाणा घ्यायचा आणि त्यातून जुने काम पुरे करायचे. असे चक्र सुरू झाले की कारागीर आपल्याच गिऱ्हाइकांचा कर्जदार होतो. तारखा हुकतात, फोन उचलणे बंद होते, आणि आजोबांनी कमावलेले नाव नातवाच्या हातून जाते. अशा घरातला मुलगा पटाशी सोडून दुसरीकडे नोकरी धरतो तेव्हा आपण म्हणतो, मुलांना कष्ट नकोत. खरे तर त्याने बापाला रोज तोंड चुकवताना पाहिलेले असते.

यावर आमच्या सूचना साध्या आहेत. बयाणा घरखर्चापासून वेगळा ठेवावा आणि त्यातून आधी माल आणावा. जे काम दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही, त्याचा बयाणा जास्त घ्यावा, निदान सामानाची किंमत तरी सुटावी. माप, पट्टी, तारांची संख्या, तारीख आणि रक्कम दोन कागदांवर लिहावी, एक आपल्याकडे, एक गिऱ्हाइकाकडे. हातात किती कामे आहेत याचा फळा भिंतीवर असावा आणि तो भरला की ‘आता नाही’ म्हणण्याची हिंमत असावी. आणि दुरुस्तीच्या कामाला कमी लेखू नये. जवारी काढणे, तारा बदलणे, तडा बुजवणे यांतून रोजचा बाजार निघतो, आणि दुरुस्तीला आलेलाच माणूस पुढे नव्या वाद्याची ऑर्डर देतो.

गिऱ्हाईक म्हणून आपलाही वाटा आहे. हातघडणीची वस्तू सांगताना मध्येच माप बदलू नये, तयार झाल्यावर भाव पाडू नये, उरलेले पैसे वस्तू उचलताना चुकते करावेत. मग तो तंबोरा असो, निकाहचा शरारा असो की मुलीसाठी करायला टाकलेले कपाट. टेलरमास्तरांची पाटी लागण्याआधी कापड नेऊन द्यावे, हेही त्यातच आले. कारागिराने तारीख पाळावी असे आपल्याला वाटत असेल, तर ती त्याला पाळता येईल एवढी सवड आपण त्याला दिली पाहिजे.