घांट वाजली की

"वेळच मिळत नाही रे" हे वाक्य मी हल्ली इतक्या जणांकडून ऐकतो की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच ते ऐकू येतं. जिमबद्दल, वाचनाबद्दल, आईला फोन करण्याबद्दल... ते चालायचंच. पण मालवण-वेंगुर्ल्याकडची, आता पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आमची ख्रिस्ती पोरं हेच वाक्य प्रार्थनेबद्दल बोलायला लागली की जरा खटकतं. कारण त्यात एक हिशोब दडलेला असतो. देवासाठी निवांत तासभर हवा. तो तास काही मिळत नाही. सबब देव रिटायरमेंटनंतर.

हा हिशोब आला कुठून? माझा संशय असा की थोडा प्रवचनांतून आणि थोडा ऑफिसातून. प्रवचनात सांगतात, रोज सकाळी अर्धा तास शांत बसा, बायबल वाचा, वर्षातून एकदा रिट्रीटला जा. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. ऑफिसात शिकवतात की फोकस म्हणजे कॅलेंडरवर दोन तास ब्लॉक करायचे, चॅट बंद, हेडफोन कानात. दोन्ही मिळून डोक्यात एकच गोष्ट पक्की होते: एकाग्रता म्हणजे व्यत्यय नसणं. कोड लिहिण्यापुरतं हे खरं असेलही. ख्रिस्ती जगण्यापुरतं मात्र जवळजवळ उलटं आहे असं माझं मत आहे.

आमच्याकडे इगर्जीची घांट दिवसातून तीनदा वाजायची पद्धत. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला. हिचं जगभरचं नाव एंजेलस, आमची म्हातारी माणसं आमोरी म्हणतात. (त्यातली दुपारची घांट 1456 साली पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या हुकमाने सुरू झाली. तेव्हा तुर्कांची फौज बेलग्रेडवर चालून आली होती. म्हणजे शांततेच्या या घांटेचं मूळ लढाईत आहे, पण ते असो.) प्रार्थना लहानशी. तीन छोटी वचनं, तीन 'हेल मेरी', शेवटी एक विनंती. सावकाश म्हटली तरी दोन मिनिटांत संपते.

आता ही प्रार्थना कोण म्हणायचं ते बघा. ज्यांना अजिबात वेळ नव्हता अशी माणसं. रापण ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर पाच-पन्नास माणसांनी ओढत बसायचं. एकदा जाळं पाण्यात गेलं की कुणी म्हणू शकत नाही, मी जरा ध्यान करून येतो. पण घांटेला दोर सोडायला नकोच होता. ओठ हलले की झालं. चुलीवर भाकरी असेल तर तीसुद्धा उतरवायला नको. आम्हा पोरांचा दंगा मात्र थांबायला हवा. "घांट वाजली, गप ऱ्हवा रे! खेळ खंय पळान जाता?" हे आजीचं वाक्य. संध्याकाळची प्रार्थना संपली की थोरांच्या पाया पडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, घ्यायचा आणि मग जेवणाची वाट बघायची. शेजारच्या घरात त्याच सुमारास तुळशीपुढे दिवा लागलेला असायचा आणि पोरं 'शुभंकरोति'ला बसलेली. दोन्ही घरांत तीच वेळ, तीच गडबड, तोच आज्यांचा दरारा.

आमच्या धंद्यात याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर आपलं काम करत असतो, मध्येच सिग्नल येतो, तो हातातलं काम आहे तिथे ठेवतो, सिग्नलचं काम करतो आणि परत जिथे होता तिथे येतो. इंटरप्ट लिहिणाऱ्याला पहिला धडा देतात तो हाच, की आतलं काम अगदी छोटं ठेव. फार वेळ घेतलास तर सगळी सिस्टिम अडकेल. ही प्रार्थना दोन मिनिटांची ठेवणाऱ्यांना हे बरोब्बर कळलेलं होतं. ती कामाच्या मध्ये घुसण्यासाठीच बनवलेली आहे.

आणि तिच्यात सांगितलंय काय? नाझरेथमधल्या एका मुलीकडे देवदूत निरोप घेऊन आला आणि ती हो म्हणाली. ती त्या वेळी काय करत होती हे लूक सांगत नाही. चित्रकारांनी तिच्या हातात पोथी दिली, कारण चित्रात ते बरं दिसतं. मला आपलं वाटतं, पाणी भरत असेल किंवा दळत असेल. म्हणजे दिवसातून तीनदा व्यत्यय आणून आठवण कशाची करायची, तर एका व्यत्ययाचीच!

कुणी म्हणेल, छान आहे, पण दोन मिनिटं थांबून असा काय फरक पडतो? इथे मला 1973 साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग आठवतो. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना एक छोटं भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्याला मदत करणाऱ्याची. रस्त्यात एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता याने फारसा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोनी माणसावर बोलायला जाताना त्याला ओलांडून गेले. या प्रयोगात घांट नव्हती, प्रार्थना नव्हती, हे मान्य. पण घाई माणसाचं काय करते ते त्यात दिसतं, आणि पाठ केलेला धर्म तिथे पुरत नाही हेही.

लूकच्या शुभवर्तमानात या गोष्टीला लागूनच मार्था आणि मरियेची गोष्ट येते. मरिया येशूच्या पायाशी बसते, मार्था स्वयंपाकघरात राबते आणि तक्रार करते. पिढ्यान्‌पिढ्या मार्थेला प्रवचनांत बोलणी बसली आहेत. ऐकणाऱ्या बायका त्याच दिवशी घरी जाऊन वीस माणसांचं जेवण करणार असतात, पण ते सोडा. नीट वाचलं तर येशूचा आक्षेप तिच्या कामावर नाही, शंभर गोष्टींच्या काळजीने तिचा जीव फाटतोय यावर आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढतेच आहे. तिला कुणीही थांबवलेलं नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातल्या स्वयंपाकघरात भांडी घासणारे ब्रदर लॉरेन्स हेच सांगत होते, की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत मला फरक वाटत नाही. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. जात्यावरची जनाबाई आणि मळ्यातला सावता माळी आपण शाळेतच शिकलोय.

ध्यानाची अ‍ॅप्स मिळतात, कंपनी पैसेही भरते. माझी तक्रार एवढीच की तिथे शांतता विकली जाते ती परत येऊन जास्त काम करावं म्हणून. घांटेला तुमच्या कामाशी काही देणंघेणं नव्हतं. शिवाय ती म्यूट करता येत नव्हती आणि सगळ्या गावाला एकदम ऐकू जायची. फोनवरचा अलार्म मला एकट्यालाच वाजतो आणि सहाच्या कॉलमध्ये मी तो एकट्यानेच बंद करतो. आम्ही तिघांनी एक ग्रुप केलाय, बाराला कुणीतरी नुसतं एक टिंब टाकतं. नसल्यापेक्षा बरं, पण इगर्जीची सर त्याला नाही.

वेंगुर्ल्याकडचीच एक ओळखीची मुलगी पुण्यात नर्स आहे. तिच्या वॉर्डात अलार्म चालत नाही आणि बाराला ती कुठे असेल याचा नेम नाही. तिने वेगळीच सोय केली आहे. साबणाने नीट हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, तसा नियमच आहे, आणि शिफ्टमध्ये कितीतरी वेळा धुवावे लागतात. तेवढ्यात एक 'हेल मेरी' आरामात होते आणि पुढच्या पेशंटचं नावही त्यात बसतं, असं ती म्हणते. मी विचारलं, मन लागतं का गं? ती म्हणाली, "कधी लागतं, कधी नाही. हात तर धुवायचेच असतात."